कुंपणावरच्या फांदीचा मान

यंदा वर्धापनदिनाच्या सजावटीचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले. फुलवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी गांगरूनच गेले. अशा वेळी मला आठवण झाली ती इंग्लंडमधील कॉन्स्टन्स स्प्राय या बाईंची.

बाईंचा जन्म १८८६ साली डर्बी येथे एका रेल्वे-कारकुनाच्या घरी झाला. पुढे त्या आयर्लंडात वाढल्या. लग्न झाले, पण संसार सुखाचा झाला नाही. १९१६ साली लहानग्या मुलाला घेऊन त्या इंग्लंडला परतल्या. १९२१ पासून पूर्व लंडनच्या गरीब वस्तीतील एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. कारखान्यांत राबणाऱ्या मुली तेथे शिकायला येत. त्यांना स्वयंपाक, शिवणकाम यांबरोबर बाईंनी फुले मांडणेही शिकविले. सौंदर्य ही केवळ श्रीमंतांची मिरास नव्हे, हे त्यांच्या मनाने तेथेच घेतले असावे.

१९२९ साली, बेचाळिशी गाठल्यावर, शाळेची सुरक्षित नोकरी सोडून त्यांनी लंडनमध्ये फुलांचे दुकान काढले. केवढे हे धाडस! त्या काळी बड्या घरांतून काचघरातील गुलाब व कार्नेशन यांचाच थाट. बाईंनी मात्र कुंपणावरच्या रानवेली, फळांनी लगडलेल्या डहाळ्या, केलची पानेसुद्धा आणून मांडली. लिंडेनच्या फांदीवरील पाने खुडून टाकली, की आत दडलेला फिकट हिरवा मोहोर उठून दिसे! फुलदाणीच हवी असाही हट्ट नसे. स्वयंपाकघरातले भांडेही त्यांना चाले. बाँड स्ट्रीटवरील एका अत्तराच्या दुकानात त्यांनी केलेली अशी सजावट पाहून साऱ्या शहरात त्यांचे नाव झाले.

पुढे १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या सजावटीत त्यांचा मोठा वाटा होता. १९६० च्या जानेवारीत त्या निवर्तल्या.

हे सारे आठवले आणि मी धीर केला. शेजारच्या वाडीत, मालकांना विचारूनच, आंबा, जांभूळ व करंजाच्या थोड्या डहाळ्या सकाळी लवकर कापल्या. देठ तिरपे कापले, पाण्यात बुडणारी पाने काढली आणि तीन-चार तास बादलीभर पाण्यात उभ्या ठेवल्या. जांभळाची एक डहाळी तांब्याच्या घंगाळात ठेवून तिची दाट पाने थोडी विरळ केली, तेव्हा कोठे तिचा बाक नजरेत भरला. फुले थोडीच होती, तीही आमच्याच परसातली.

भगिनींनो, झाड ओरबाडू नका. मागून घ्या, बेताने घ्या. पण पैसा नाही म्हणून सजावट नाही, असे मात्र यापुढे म्हणू नका. रोजच्या वाटेवरील झाडाकडे जरा मान वर करून पाहा, म्हणजे झाले!