कानाच्या दुखण्याला गणतीत आणणारा शल्यविशारद

ऑस्कर वाइल्ड हे नाव मराठी रसिकाला परके नाही. त्याचे वडील सर विल्यम वाइल्ड मात्र पुत्राच्या कीर्तीआड झाकले गेले. वास्तविक कर्णचिकित्सेला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

१८१५ साली आयर्लंडच्या रॉसकॉमन परगण्यात एका डॉक्टरच्या घरी त्यांचा जन्म झाला. डब्लिनमध्ये १८३७ मध्ये शल्यचिकित्सेची सनद मिळवल्यावर त्यांनी लंडन, व्हिएन्ना आणि बर्लिन येथे नेत्र व कर्णरोगांचा अभ्यास केला. त्या काळी कानाचे दुखणे म्हणजे भोंदूंचे कुरण होते. कारण न शोधताच कानात दाहक द्रव्ये ओतली जात आणि नामांकित शल्यविशारदही बहिरेपणापुढे हात टेकत.

१८४४ मध्ये वाइल्ड यांनी डब्लिनमध्ये सेंट मार्क्स रुग्णालय उभारले. तेथे गरिबांवर उपचार होत आणि विद्यार्थ्यांना रुग्णाशेजारीच शिक्षण मिळे. १८५३ साली प्रसिद्ध झालेल्या कर्णशल्यचिकित्सेवरील ग्रंथात त्यांनी आपल्या रुग्णांचे अनुभव तक्तेवार मांडले. इतर अवयवांना लागू असलेले वैद्यकाचे नियम कानालाही लागू आहेत, असा त्यांचा आग्रह होता. वाहता कान किरकोळ मानू नये, तो केव्हा जिवावर बेतेल याचा नेम नाही, हे त्यांनी बजावले. कानामागील पू काढण्यासाठी घ्यावयाचा छेद पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला.

मोजमापाची ही शिस्त त्यांनी राज्यकारभारातही नेली. १८४१ च्या आयरिश जनगणनेतील मृत्यूंच्या तक्त्यांवरील अहवाल त्यांचा. १८५१ च्या गणनेत मूकबधिर व अंध यांची स्वतंत्र नोंद झाली. बहिरेपण जन्मजात की आजाराने आलेले, हेही त्यात तपासले गेले. मधल्या दशकात महादुष्काळ होऊन गेला होता. लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजारांवरून ६५ लाख ५२ हजारांवर आली. मृत्यूंची सरकारी नोंद त्या काळी नव्हतीच. कुटुंबांना विचारूनच आकडे जमवावे लागले. साहजिकच, जेथे अख्खे घर संपले किंवा देशोधडीला लागले, तेथील मृत्यू सांगायला कोणीच उरले नव्हते. आकड्यांची ही मर्यादा हेच त्या संकटाचे सर्वांत विदारक मोजमाप ठरले.

या कार्याबद्दल १८६४ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षी एका माजी रुग्ण स्त्रीच्या आरोपांतून त्यांच्या पत्नीवर अब्रूनुकसानीचा खटला उभा राहिला. वादी स्त्रीला नाममात्र एक फार्दिंग भरपाई मिळाली, पण साक्षीला उभे न राहिलेल्या वाइल्ड यांची प्रतिष्ठा कायमची डागाळली. १८६७ मध्ये लाडकी कन्या इसोला गेली. १८७६ साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे रुग्णालय १८९७ मध्ये दुसऱ्या नेत्ररुग्णालयात विलीन होऊन रॉयल व्हिक्टोरिया आय अँड इअर हॉस्पिटल आकारास आले. बहिऱ्या माणसाला सरकारने काही द्यावे असे वाटत असेल, तर आधी त्याची नोंद झाली पाहिजे. वाइल्ड यांनी आयुष्यभर आचरलेला हा साधा धडा आजही जुना झालेला नाही.