दिवसा कमलाबाईंचे, रात्री दुसऱ्याचे टेबल

पदवीचा प्रकल्प ऐन रंगात येतो आणि नेमके सेंट्रिफ्यूज बंद पडते, वीज जाते, किंवा प्रयोगशाळेत जागाच मिळत नाही. अशा वेळी हवालदिल होणाऱ्या विद्यार्थ्यांनी जैवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी यांचे विद्यार्थिदशेतील दिवस आठवावेत.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म १९११ मध्ये इंदूरचा. लेखिका दुर्गा भागवत त्यांच्या भगिनी. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर पारखून पाहण्याच्या अटीवर जागा मिळाली. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला पोहोचल्या, तर प्रयोगशाळेतील सगळ्या जागा भरलेल्या. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर यांनी स्वतःचे टेबल त्यांना दिवसभर वापरायला दिले आणि आपले काम रात्रीवर ढकलले. ही अडचण लहान नव्हती. ऊती कुटून काढलेल्या अर्कातील विकरे फार वेळ टिकत नाहीत. त्यामुळे अशा संशोधनात अर्क काढणे आणि मापन यांचा मेळ काटेकोरपणे घालावा लागतो. रिक्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या. तिथे संशोधनाचे साहित्य होते साधा बटाटा. पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोहोचवणारे 'सायटोक्रोम सी' हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असल्याचे त्यांना आढळले. अवघ्या १४ महिन्यांत त्यांनी सुमारे ४० पानांचा प्रबंध पूर्ण केला आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली.

भारतात परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर विद्यार्थ्यांसह संशोधन केले. नीरेवरील कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? यंत्र एकच असेल तर वेळ वाटून घ्यावी. ते बिघडले तर मार्गदर्शकांशी बोलून प्रश्न लहान करावा, पण काम थांबवू नये. तूर आणि हरभरा तर आपल्या शिवारातच पिकतो. डाळीच्या अर्कात कॉस्टिक सोडा आणि मोरचूदाचे सौम्य द्रावण घातले, की प्रथिने असल्यास जांभळा रंग येतो. शिक्षकांच्या देखरेखीखाली करायच्या या चाचणीला वीजही लागत नाही. भिजवलेल्या, मोड आलेल्या आणि शिजवलेल्या डाळीच्या अर्कांत हा रंग सारखाच येतो का, एवढा प्रश्नही एका प्रकल्पाला पुरेसा आहे.