तीन तक्रारी, आजार एक

भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते आणि सकाळी बोटांचे सांधे आखडलेले असतात. शिरूर किंवा दौंडकडच्या पन्नाशीच्या एखाद्या बाईला असे होऊ लागले, तर ती तोंडासाठी दातांच्या डॉक्टरकडे, डोळ्यांसाठी नेत्रतज्ज्ञाकडे आणि सांध्यांसाठी हाडांच्या डॉक्टरकडे जाते. बाकीचा दोष उन्हाला, उसाच्या रानातल्या कष्टाला आणि वयाला दिला जातो. पण या तिन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. हे वैद्यकविश्वाला पटवून देणारे डॉक्टर म्हणजे हेन्रिक श्योग्रेन. हा आजार आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

श्योग्रेन यांचा जन्म २३ जुलै १८९९ रोजी स्वीडनमधील कोपिंग या गावी झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले आणि ते नेत्रतज्ज्ञ झाले. १९३० च्या सुमारास त्यांच्याकडे एक स्त्री आली. तिचे डोळे कोरडे होते, तोंडही कोरडे होते आणि तिला संधिवात होता. डोळ्यांत औषध घालून तिला परत पाठवता आले असते. श्योग्रेन यांनी मात्र तशा आणखी रुग्णांचा शोध सुरू केला.

१९३३ मध्ये त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांच्या नोंदी होत्या आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. रोझ बेंगॉल नावाचा गुलाबी रंग डोळ्यात घालून त्यांनी कोरडेपणाने झालेली इजा दाखवली. अश्रुग्रंथींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. डोळ्यांचा हा कोरडेपणा साऱ्या शरीराच्या आजाराचा भाग आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

परीक्षकांवर त्याची फारशी छाप पडली नाही. विद्यापीठात अध्यापनाची वाट खुली करणारी ‘डोसेंट’ ही पदवी त्यांना मिळाली नाही. पुढे योनकोपिंग या शहरातील रुग्णालयात ते नेत्रविभाग सांभाळू लागले. राजधानीपासून दूर राहूनही रुग्ण पाहणे आणि नोंदी ठेवणे त्यांनी सोडले नाही. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाने प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले आणि हे काम जगभर पोचले. १९६१ मध्ये स्वीडन सरकारने श्योग्रेन यांना प्राध्यापक ही उपाधी दिली. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिवस, २३ जुलै, आता या आजाराचा जागतिक दिन म्हणून पाळला जातो.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लाळग्रंथी आणि अश्रुग्रंथींवर हल्ला करते. रुग्णांमध्ये दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात, तोंडात बुरशी वाढते. काही रुग्णांत पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून निदान वेळेत व्हायला हवे.

आज निदानासाठी रक्तातील ‘अँटी-रो’ प्रतिपिंडे तपासतात. गरज पडल्यास ओठाच्या आतील बाजूला छोटा छेद घेऊन ग्रंथीचा तुकडा तपासतात. पापणीत कागदाची पट्टी ठेवून अश्रूही मोजतात. या चाचण्यांच्या जोडीला संशोधकांची नजर आता लाळेवर आहे. ग्रंथीत दाह झाला की लाळेतील रेणू बदलतात. उदाहरणार्थ, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे प्रमाण वाढलेले आढळते. काही जनुकांचे संदेशवाहक आरएनएही वेगळे दिसतात. अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. लाळ घ्यायला सुई लागत नाही, छेद लागत नाही. या चाचण्या पूर्ण भरवशाच्या ठरल्या, तर तालुक्याच्या गावात नमुना देऊन काम भागू शकेल. मात्र रक्त आणि ओठाच्या तपासणीची जागा त्यांनी अजून घेतलेली नाही.

एक साधी मोजणी मात्र आजही करता येते. काही न चघळता, तोंडात आपोआप जमणारी लाळ १५ मिनिटे मोजपात्रात घ्यायची. ती दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली, तर पुढील तपासणी हवी. अर्थात कोरड्या तोंडाला मधुमेह, रक्तदाबाची किंवा ॲलर्जीची काही औषधे, अशी इतरही कारणे असतात. त्यामुळे एवढ्यावरून घाबरू नये.

तोंड आणि डोळे तीन महिन्यांहून अधिक काळ कोरडे राहत असतील आणि सांधेही दुखत असतील, तर तिन्ही तक्रारी एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगा आणि संधिवाततज्ज्ञाचा सल्ला विचारा. आजाराचे निदान झालेल्या स्त्रीने गर्भधारणेआधी डॉक्टरांना जरूर सांगावे, कारण अँटी-रो प्रतिपिंडांमुळे क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. आजार मुळापासून बरा होत नाही. पण कृत्रिम अश्रू, फ्लोराइड, दातांची नियमित तपासणी आणि योग्य औषधे यांनी डोळे आणि दात वाचवता येतात.