दोनदा निवडून आले, पण पाच वर्षं एकदाही मिळाली नाहीत: खासदार रामभाऊ म्हाळगी

आज उल्हासनगर, अंबरनाथचे मतदार कल्याणचा खासदार निवडतात आणि शेजारचे बदलापूरकर भिवंडीचा. २००८ च्या पुनर्रचनेआधी हा पट्टा ठाणे लोकसभा मतदारसंघात होता. तिथून १९७७ आणि १९८० साली निवडून आले रामचंद्र काशिनाथ म्हाळगी, म्हणजे सगळ्यांचे रामभाऊ. उत्तनची प्रबोधिनी त्यांच्याच नावाची.

जन्म ९ जुलै १९२१, पुणे जिल्ह्यातला. जनसंघाचे कार्यकर्ते. १९५७ मध्ये मावळमधून आमदार झाले, पुढे पुण्यातून. वर्षभरात काय केलं याचा छापील अहवाल ते दरवर्षी मतदारांपुढे ठेवायचे. असं करायला कुठलाही कायदा सांगत नाही, तेव्हाही नव्हता.

आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकलं. त्याच काळात, मार्च १९७६ मध्ये, लोकसभेची पाच वर्षं भरली आणि निवडणूक काही झाली नाही. आणीबाणी असेल तर संसद कायदा करून स्वतःची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवू शकते. तशी ती दोनदा वाढवली. वर ४२ वी घटनादुरुस्ती करून मुदतच सहा वर्षांची केली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आली.

मार्च १९७७ मध्ये अखेर मतदान झालं. रामभाऊ जनता पक्षातर्फे ठाण्यातून उभे राहिले. पुण्याचा माणूस ठाण्यात कसा? लोकसभेसाठी वय किमान २५ हवं आणि देशातल्या कुठल्याही मतदारयादीत नाव हवं, मतदारसंघात राहण्याची अट नाही. निम्मी मतंही लागत नाहीत, इतर उमेदवारांपेक्षा एक मत जास्त पडलं की झालं. रामभाऊ जिंकले.

पण पाच वर्षं ही कमाल मर्यादा आहे, हमी नव्हे. मोरारजी देसाईंचं सरकार पडलं, चरणसिंगांना बहुमत दाखवता आलं नाही आणि २२ ऑगस्ट १९७९ ला राष्ट्रपतींनी लोकसभा विसर्जित केली. रामभाऊंची खासदारकी अडीच वर्षांच्या आतच संपली, त्यांची काही चूक नसताना.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींची लाट आली. महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३९ जागा त्यांच्या काँग्रेसने घेतल्या. ठाणे मात्र रामभाऊंनी राखलं. एप्रिलमध्ये भाजप स्थापन झाला आणि ते तिकडे गेले. (पक्षांतरबंदी कायदा १९८५ चा, त्यामुळे जागा जाण्याचा प्रश्नच नव्हता.)

६ मार्च १९८२ रोजी त्यांचं निधन झालं. दोन निवडणुका जिंकून एकूण खासदारकी साधारण साडेचार वर्षं, म्हणजे एका पूर्ण मुदतीपेक्षाही कमी.

त्यांच्या जागी पोटनिवडणूक झाली आणि भाजपचेच जगन्नाथ पाटील निवडून आले. पोटनिवडणुकीत जिंकणाऱ्याला नवी पाच वर्षं मिळत नाहीत, उरलेली मुदत तेवढी मिळते. पाटलांना ती १९८४ च्या अखेरपर्यंत मिळाली.