आगगाडीतील भेट आणि देवाचा दरबार

आज नाताळ. मार्गशीर्ष सरता सरता किंवा पौषाच्या तोंडावर येणारा हा सण यवतमाळ जिल्ह्यात ऐन कापसाच्या हंगामात येतो. बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागलेली असते आणि चर्चमधून प्रभू येशूच्या जन्माची गीते ऐकू येत असतात. एखादा माळकरी क्षणभर बाहेर थांबून ऐकेल तर त्याला नवल वाटेल. देवाचे नाव निराळे, पण अभंगाची ठेवण ओळखीची, आळवणी ओळखीची, आणि देवाला माउली म्हणण्याची रीतही घरचीच. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील दोनशेहून अधिक पदे एकाच पुरुषाची आहेत. तो पुरुष म्हणजे कोकणात चित्पावन ब्राह्मण कुळात जन्मलेले, फुलामुलांचे कवी म्हणून आपल्याला शाळेपासून ठाऊक असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक.

त्यांच्या चरित्रातील निर्णायक प्रसंग विदर्भाच्या वाटेवर घडला, आणि त्या प्रसंगाचा एक धागा यवतमाळाशी जोडलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. आई जानकीबाई भाविक आणि कविताप्रेमी, तर वडील तापट व करारी. मायेची सावली एका बाजूला आणि धाक दुसऱ्या बाजूला, अशा घरात मुलाचे मन आईकडेच ओढले जावे हे स्वाभाविक होते. पण ती सावली लवकर हरपली. आई निवर्तल्यावर अकरा-बारा वर्षांच्या नारायणाचे घरात मन रमेना. तो घराबाहेर पडला आणि नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. विद्या मिळाली, पण घर मिळाले नाही. पुढील सारे आयुष्य ज्या एका गोष्टीच्या शोधात गेले, तिचे बीज मला या पोरकेपणात दिसते.

1880 साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरात लक्ष्मी होऊन आली. वधूचे वय अवघे अकरा वर्षांचे. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आलेला हा पती विद्वान, प्रेमळ आणि कमालीचा अस्थिर होता. आज नोकरी धरावी, उद्या सोडावी, कोणाला न सांगता निघून जावे, कोठे प्रवचन करावे, कोठे काव्य रचावे, हातात आलेला पैसा भेटेल त्या गरजवंताला देऊन टाकावा. घरात मीठ आहे की नाही याची चौकशी करण्याचे त्यांच्या गावीही नसे. या भटकंतीला निव्वळ लहरीपणा म्हणता येणार नाही. जातिभेदाने पोखरलेला समाज त्यांना सलत होता. सर्व मनुष्यांना एकत्र आणील असा एखादा धर्म असावा, नसल्यास आपण तो स्थापावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. शास्त्रे पाठ होती, संतवाणी जिभेवर होती, आणि तरीही चित्त स्थिर नव्हते.

नागपुरास अप्पासाहेब बुटी यांच्या उदार आश्रयाखाली त्यांना काही काळ संस्कृत ग्रंथांच्या संपादनाचे काम लाभले. ‘ऋषि’ नावाचे नियतकालिकही त्यांनी चालविले. 1891 साली पुत्र दत्तू म्हणजे देवदत्त यांचा जन्म झाला. मात्र हा मुक्कामही कायमचा ठरला नाही. 1893 च्या सुमारास उपजीविकेच्या शोधात ते नागपुराहून राजनांदगाव संस्थानाकडे आगगाडीने निघाले.

डब्यात एक गोरा गृहस्थ बसलेला होता. त्या काळी साहेब म्हटला की नेटिवाने अंग चोरून बसावे, अशी रीत. परंतु या गृहस्थाने टिळकांना अगत्याने जागा दिली आणि संभाषण सुरू केले. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले ते धर्मावर येऊन ठेपले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली, मनापासून वाचण्याची विनंती केली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले, पण वाचण्याचे वचन मात्र त्यांनी दिले.

हा गृहस्थ म्हणजे अर्नेस्ट वॉर्ड. अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट पंथाच्या ज्या पहिल्या मिशनऱ्यांनी हिंदुस्थानात पाऊल ठेवले, त्यांपैकी तो एक. याच पंथाच्या मिशनने पुढे यवतमाळ हे आपले विदर्भातील मुख्य ठाणे केले. जिल्ह्यातील उमरीचे मिशन रुग्णालय त्याच कार्याचे फळ होय. 1953 साली यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था उभी राहिली, ती 1983 साली पुण्यास गेली. संस्था, इमारती, दवाखाने यांची मोजदाद करता येते. आगगाडीतील दोन-चार तासांच्या सौजन्याची मोजदाद कशी करावी?

दिलेल्या वचनाखातर टिळकांनी पुस्तक उघडले. प्रारंभीची पाने त्यांना नीरस वाटली. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी मात्र ते थांबले. नम्र लोकांची धन्यता, शत्रूवरही प्रीती, गुप्त दान, उद्याची चिंता न करण्याचा उपदेश यांनी त्यांची पकड घेतली. तर्काने न सुटलेले कित्येक प्रश्न त्या तीन अध्यायांत सुटल्यासारखे त्यांना वाटले. आपल्या संतांनी ज्या दयाघनाला आळवले त्याचेच रूप आपण येथे पाहत आहो, अशी त्यांची भावना झाली. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे जन्मभर मानीत राहिले. वाचकांपैकी अनेकांना हे मान्य होणार नाही, आणि होण्याची आवश्यकताही नाही. परंतु ज्याने हे मानले त्याने तुकोबांची गाथा टाकून दिली नाही, ती उराशी धरूनच तो पलीकडे गेला, एवढे ध्यानी घेतल्यावाचून टिळक कळत नाहीत.

काही काळ त्यांनी निनावी पत्रव्यवहार करून शंकांचे निरसन करून घेतले. अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो मिशनऱ्याच्या हातून न घेता एका भारतीय पाळकाच्या हातून घेतला, हे विसरता कामा नये. वॉर्डचे दोन वर्षांचे भाकीत असे खरे ठरले.

टिळकांना विसावा मिळाला, आणि त्याच दिवशी लक्ष्मीबाईंचा विसावा नाहीसा झाला. नवऱ्याने धर्म सोडला, आणि त्या काळच्या ब्राह्मण घरातील सव्वीस-सत्तावीस वर्षांची स्त्री लहानग्या मुलासह एकाएकी ना सुवासिनी ना विधवा अशा अवस्थेत येऊन पडली. आप्तांनी तिला पंढरपुरास नेले. विठ्ठलाच्या नगरीत राहून तिने कोणाला काय विचारले असेल याची कल्पना ज्याची त्याने करावी. त्या दुःखातच तिच्या तोंडून कविता उमटू लागली. टिळकांचा निर्णय कितीही प्रामाणिक असला तरी त्याची किंमत प्रथम या माउलीने मोजली. चरित्रकारांनी टिळकांच्या शांतीचे वर्णन करताना हा जमाखर्च मांडलाच पाहिजे.

चार-पाच वर्षांच्या वियोगानंतर ती अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांच्याकडे आली. पण आपला धर्म सांभाळून आली. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, सोवळे कडक. टिळकांनी तिच्यावर बळजबरी केली नाही, हे त्यांच्या पदरी पुण्य म्हणून लिहिले पाहिजे. बदल घडला तो तिच्याच विचाराने. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःशी घातला, आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 सालचा. ते दिवस छप्पन्नच्या दुष्काळाचे होते. आईबापांवाचून उघड्या पडलेल्या लेकरांना या दांपत्याने आपल्या घरात घेतले. कालपर्यंत सोवळ्याची कास धरणाऱ्या लक्ष्मीबाई कोणत्याही जातीच्या मुलाला न्हाऊमाखू घालू लागल्या. घरात तेव्हाही पैसा नव्हताच.

पुढेही टिळकांच्या घराचे दार उघडेच राहिले. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्याच घरी मुलासारखे राहिले. घरी येईल तो घरचा, अशी ही रीत होती. लहानपणी घराला पारखा झालेला माणूस मोठेपणी घर वाटत सुटला होता.

1904 साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. 1912 पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी सांभाळले. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आधीच घातली होती. टिळकांनी तिला कवीचा प्राण दिला. पाश्चात्य चालींवर बसविलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे काळीज हलत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून टाळ, मृदंग, अभंग, भजन हे सारे त्यांनी चर्चच्या दारातून आत आणले. लोक ख्रिस्ती झाले म्हणून परके होतात, साहेबाचा वेष आणि साहेबाची रीत उचलतात, हे त्यांना असह्य होई. देशभक्तीच्या कविता लिहिताना त्यांची लेखणी कचरली नाही.

श्रद्धा 1895 मध्ये लाभली, चित्ताला स्वस्थताही लाभली, पण ज्यांच्यात मिसळून जावे अशी मंडळी त्यांना अजून सापडली नव्हती. जुन्या समाजाने दार लावले होते. नव्या समाजात मिशनचा पगार, मिशनचा बंगला आणि परकीय वरिष्ठ यांचे सावट होते. मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, तरी मालक आणि चाकर असे नाते जेथे आहे तेथे भाऊपणा कसा नांदणार, हा प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळीत राहिला. तुम्हीआम्ही वारीत जे अनुभवतो ते, म्हणजे लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडण्याचे सुख, त्यांना ख्रिस्ताच्या नावाने हवे होते.

1917 साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्ती स्वीकारली. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही समान आसन होते. ख्रिस्तावर प्रेम आहे ना, मग या आणि बसा, आपला समाज सोडून येण्याची अट नाही, असे हे आमंत्रण होते. कित्येक ख्रिस्ती पुढाऱ्यांना ते धोक्याचे वाटले, आणि हिंदू मंडळींपैकी काहींनाही त्यात डाव दिसला. दोन्ही बाजूंनी संशय घेतला जावा, ही मध्ये उभे राहणाऱ्याची ठरलेली दक्षिणा असते. त्यांनी ती निमूटपणे स्वीकारली.

पण काळाने त्यांना अवधी दिला नाही. प्रकृती खालावत गेली आणि 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचे देहावसान झाले. दरबार नुकता कोठे भरू लागला होता. त्याला सांभाळणारा गेला, आणि टिळकांच्या मनातील रूप त्याला पुन्हा आले नाही.

त्यांच्या हातून आणखी एक काम अर्धे राहिले होते. ज्ञानेश्वरांच्या मराठीला साजेल अशा ओवीत ख्रिस्ताचे चरित्र गावे, या हेतूने त्यांनी 1909 साली ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. जेमतेम अकरा अध्यायांपर्यंत ते पोचले होते. शाळेचे तोंड कधी न पाहिलेल्या, ज्यांना अक्षरओळख पतीनेच करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते काम हाती घेतले. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्राने मराठी गद्याला अमोल लेणे देणाऱ्या या बाईने ओवीमागून ओवी रचीत चौसष्ट अध्याय पुरे केले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्याही गेल्या. शेवटचा अध्याय देवदत्तांनी लिहिला, आणि शहात्तर अध्यायांचे ‘ख्रिस्तायन’ 1938 साली छापून निघाले.