विष वाढणारा डॉक्टर

आमच्या शस्त्रक्रियागृहातल्या एका कपाटात फॉर्मालिनच्या बाटल्या असतात. रुग्णाच्या शरीरातून काढलेला गाठीचा तुकडा तपासणीला पाठवायचा, तर तो आधी फॉर्मालिनमध्ये बुडवतात. त्याने पेशींतली प्रथिने एकमेकांना घट्ट बांधली जातात आणि तुकडा कुजत नाही. बाटली उघडली की डोळे चुरचुरतात. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच रसायन दुधात घालत असत. दूध उन्हाळ्यातही नासायचे नाही, विक्रेता खूश असायचा. ते दूध पिणाऱ्या बाळाचे काय होते, हे विचारणारा देशभर लागू असलेला कायदाच नव्हता. तो कायदा व्हावा म्हणून ज्याने आयुष्याची पंचवीसेक वर्षे वेचली, त्या डॉ. हार्वे वायली यांची ही गोष्ट.

वायली यांचा जन्म 18 ऑक्टोबर 1844 रोजी इंडियाना राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबात, लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. शेतात वाढलेला हा मुलगा यादवी युद्धात काही महिने सैनिक होता. 1871 मध्ये तो वैद्यकीय पदवीधर झाला, पण दवाखाना काही थाटला नाही. त्याचे मन रसायनशास्त्रात रमले होते. 1874 मध्ये नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात तो रसायनशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळतो आणि आखूड विजार घालून सायकलवरून फिरतो, म्हणून विश्वस्तांनी त्याला समज दिली होती. वरिष्ठांचे न ऐकण्याची खोड तेव्हापासूनची.

1878 मध्ये वायली जर्मनीत शिकायला गेले. तिथल्या सरकारी अन्न-प्रयोगशाळेत त्यांनी पोलॅरिस्कोप हे उपकरण हाताळले. साखरेच्या द्रावणातून प्रकाश किती वळतो यावरून ती साखर कोणती, हे त्यावर कळते. परत आल्यावर इंडियानाच्या आरोग्य मंडळाने त्यांना बाजारातली साखर आणि पाक तपासायला सांगितले. मक्याच्या पिठुळापासून केलेला स्वस्त ग्लुकोज महागड्या पाकात मिसळून विकला जात होता. जिभेला हा फरक कळत नव्हता, उपकरणाला कळत होता.

1883 मध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी इतर सरकारी रसायनशास्त्रज्ञांबरोबर एक संघटना उभी केली. कारण साधे होते. एकाच खताचा नमुना दोन प्रयोगशाळांत पाठवला, तर दोन वेगळी उत्तरे येत. मग शेतकऱ्याने विश्वास कुणावर ठेवायचा? तपासणीची पद्धत सगळ्यांनी मिळून ठरवायची, ती निरनिराळ्या ठिकाणी करून पाहायची आणि मगच अधिकृत मानायची, हे या संघटनेचे काम. सुरुवात खतांपासून झाली, पुढे अन्नपदार्थ आले. एओएसी या नावाने ती आजही काम करते. तिच्या पद्धती आपल्याकडच्या अन्न-प्रयोगशाळांतही वापरल्या जातात.

1887 पासून वायली यांच्या विभागाने भेसळीवरचे अहवाल भागाभागाने प्रसिद्ध केले. मसाल्यांत नारळाच्या करवंट्यांची पूड, कॉफीत चिकोरी, डबाबंद वाटाणे हिरवेगार दिसावेत म्हणून तांब्याचे क्षार. अहवाल निघत राहिले, संसदेत विधेयके येत राहिली आणि तिथेच अडकत राहिली. कारखानदारांचा एक प्रश्न मात्र बिनतोड होता. टिकाऊपणासाठी घातलेली ही रसायने माणसाला अपायकारक आहेत, याला पुरावा काय?

पुरावा मिळवण्यासाठी 1902 मध्ये संसदेने 5,000 डॉलर मंजूर केले. वॉशिंग्टनमध्ये आपल्या विभागाच्या तळघरात वायली यांनी एक स्वयंपाकघर आणि जेवणघर सुरू केले. बारा तरुण स्वयंसेवक निवडले. त्यांत बरेचसे खात्यातलेच कर्मचारी होते. जेवण फुकट, पण बाहेर काहीही खायचे नाही. जेवणापूर्वी वजन, ताप आणि नाडी मोजायची, मलमूत्र तपासणीला द्यायचे आणि काही झाले तर सरकारवर दावा करणार नाही असे लिहून द्यायचे. सुरुवात बोरॅक्सपासून झाली. ते आधी लोण्यात लपवले, तर मंडळी लोणी टाळू लागली. मग ते सरळ कॅप्सूलमध्ये घालून दिले जाऊ लागले. मात्रा वाढली तशी भूक मेली, डोके दुखू लागले, पोट बिघडले. पुढे सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइट, बेंझोएट आणि फॉर्माल्डिहाइड यांची पाळी आली. फॉर्माल्डिहाइडने मुले इतकी आजारी पडली की तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. वर्तमानपत्रांनी या बारा जणांना ‘पॉयझन स्क्वॉड’ असे नाव दिले आणि घराघरांत त्यांची चर्चा सुरू झाली.

आजच्या नजरेने या प्रयोगात उणिवा आहेत. माणसे थोडी, रसायन न घेणारा तुलनेचा वेगळा गट नाही. असा प्रयोग आज कोणतीही नैतिकता समिती मंजूर करणार नाही. तरीही वायली यांचा मुद्दा डॉक्टर म्हणून मला पटतो. धडधाकट तरुणांना जे सोसत नाही, ते तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना कसे सोसेल? शिवाय निरोगी माणसाला एका वेळी चालणारी मात्रा रोज तीन वेळच्या जेवणातून गेली तर काय होते, हा प्रश्न विचारणारे ते सुरुवातीच्या काही लोकांपैकी होते.

महिला मंडळांनी हा विषय उचलून धरला. त्यातच अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या मांस-कारखान्यांतली घाण चव्हाट्यावर आणली. 30 जून 1906 रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शुद्ध अन्न आणि औषध कायद्यावर सही केली. लोक त्याला वायली कायदाच म्हणत.

खरी कसोटी त्यानंतर लागली. कायदा अमलात आला आणि कारखानदार थेट राष्ट्राध्यक्षांकडे जाऊ लागले. एका बैठकीत वायली यांनी सॅकरीनला अपायकारक म्हटले आणि रूझवेल्ट भडकले. त्यांना त्यांचे डॉक्टर सॅकरीन रोज घ्यायला सांगत. लवकरच वायली यांच्या डोक्यावर शास्त्रज्ञांचे एक वेगळे मंडळ बसवले गेले. त्या मंडळाने थोड्या मात्रेतले बेंझोएट निर्धोक ठरवले. खरे सांगायचे तर बेंझोएट आणि सॅकरीन या दोन्ही बाबतींत पुढच्या विज्ञानाने वायली यांची बाजू उचलून धरली नाही. दोन्ही पदार्थ आज ठरावीक मर्यादेत चालतात. फॉर्माल्डिहाइड आणि बोरॅक्सच्या बाबतीत मात्र त्यांचेच खरे ठरले.

1911 मध्ये एका तज्ज्ञाच्या मानधनावरून त्यांच्यावर गैरव्यवहाराचा ठपका ठेवण्याचा प्रयत्न झाला. चौकशीअंती राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना निर्दोष ठरवले, पण खात्यातले हातपाय बांधलेलेच राहिले. 1912 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या प्रयोगशाळेत तपासणीचे काम पुढे चालू ठेवले. 30 जून 1930 रोजी, कायद्यावर सही झाली त्याच तारखेला, ते वारले.

आपला अन्न सुरक्षा आणि मानके कायदा 2006 चा, म्हणजे वायली कायद्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला. फॉर्मालिन मात्र अजून गेलेले नाही. 2018 मध्ये गोव्यात परराज्यातून येणाऱ्या मासळीवरून उठलेले वादळ अनेकांना आठवत असेल.

रुग्णालय असो, वसतिगृह असो की शाळेचे स्वयंपाकघर, धान्य-दूध घेताना पुरवठादार तपासणीचा अहवाल जोडतो. आम्ही शिक्का पाहून कागद फाइलला लावतो. वायली यांचे आयुष्य वाचल्यापासून मी त्या कागदाला चार प्रश्न विचारतो. नमुना कोणी उचलला, पुरवठादाराने निवडून दिला की आपण पोत्यातून काढला? तपासणी कोणत्या पद्धतीने झाली? प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का आणि तिची मान्यता याच चाचणीसाठी आहे का? पैसे कोणी दिले? पुरवठादाराने पैसे दिले म्हणून अहवाल खोटा ठरत नाही, पण मग नमुना तरी आपण उचललेला असावा. अधूनमधून न सांगता, आपल्या खर्चाने एखादा नमुना पाठवावा. निविदेतच ही अट घातली तर नंतर वाद होत नाहीत.

हा हक्क फक्त संस्थांना नाही. विक्रेत्याला खरेदीच्या वेळी तशी कल्पना देऊन आणि शुल्क भरून कोणताही ग्राहक आपण घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. पदार्थ दोषी निघाला तर शुल्क परत मिळण्याचीही तरतूद आहे. ही सोय वापरणारे लोक मला क्वचितच भेटतात.

तळघरातल्या त्या बारा तरुणांनी आपल्या पोटावर चाचणी करून घेतली, कारण तेव्हा दुसरी सोय नव्हती. आता प्रयोगशाळा आहेत. तिथे नमुना पाठवला नाही, तर चाचणी जेवणाऱ्यांच्या पोटावरच होत राहील आणि तिची नोंद ठेवायलाही कुणी नसेल.