काटकसरीचे कोडे : विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स

घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. पण सीमान्त उपयोगितेचा विचार मांडणाऱ्यांपैकी एक असलेले जेव्हन्स माणूस म्हणून कसे होते, हे मी परीक्षा संपल्यावरच वाचले.

त्यांचा जन्म १८३५ साली लिव्हरपूल येथे झाला. वडील लोखंडाचे व्यापारी. दहा वर्षांचे असताना आई वारली. १८४८ मध्ये पेढी बुडाली. अठराव्या वर्षी शिक्षण अर्धवट सोडून ते सिडनीच्या टांकसाळीत धातू पारखण्याच्या नोकरीवर गेले. १८५९ मध्ये परतून त्यांनी पुन्हा कॉलेज गाठले.

१८६५ मध्ये त्यांचा ‘द कोल क्वेश्चन’ हा ग्रंथ निघाला. सुधारलेली यंत्रे आली की कोळसा वाचेल, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. जेव्हन्स यांनी नेमके उलट दाखवून दिले. वॉटच्या इंजिनाला जुन्या न्यूकॉमेन इंजिनापेक्षा पुष्कळ कमी कोळसा लागे. त्यामुळे वाफेची शक्ती स्वस्त झाली, खाणींतून गिरण्या-कारखान्यांत शिरली आणि देशाचा एकूण खप वाढतच गेला. स्वस्ताई आली की मागणी वाढते, हा आमच्याच पुस्तकातला नियम!

पुढे ते मँचेस्टर आणि लंडन येथे प्राध्यापक झाले. कागदाचीही टंचाई पडेल या धास्तीने त्यांनी घरात कागदांचे ढीग साठवले होते, असे सांगतात. १८८२ मध्ये, अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, समुद्रात पोहताना बुडून त्यांचा अंत झाला.

त्यांचे सारेच खरे ठरले नाही. कोळशाची जागा दुसरे काही घेईल असे त्यांना वाटले नव्हते. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधील कोळशावरचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले.

तरीही त्यांचे कोडे मला घरीच भेटले. पूर्वी आमच्याकडे ६० वॅटचा एक बल्ब पाच तास जळे. म्हणजे ३०० वॅट-तास. आता ९ वॅटचे चार एलईडी दिवे आठ तास चालतात; म्हणजे २८८. बचत फक्त १२ची! अर्थात उजेड चौफेर वाढला आणि आजीला रात्री परसात जाताना ठेच लागत नाही, हा लाभही खराच.

म्हणून मला वाटते, हरित तंत्रज्ञान फसवे नाही. ते बचतीची केवळ संधी देते. बचत करायची की नाही, हे बटणावरचा हात ठरवतो.